नवी गाडी, जुने हात

महाराष्ट्रात नवी दुचाकी सहसा मुहूर्त पाहून घेतली जाते. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा किंवा दिवाळीचा पाडवा जवळ आला की लोक शोरूममध्ये आधीच पैसे भरून ठेवतात, आणि त्या दिवशी हार घातलेल्या, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक काढलेल्या गाड्या चाकाखालचे लिंबू चिरडत एकामागून एक रस्त्यावर उतरतात. त्यातल्या कितीतरी गाड्या पुढच्या काही दिवसांत एकदा तरी आडव्या होतात. कुणाची सोसायटीच्या फाटकात वळताना पडते, कुणाची सिग्नलला पाय टेकताना कलते, कुणाची साइड स्टँड नीट न लागल्यामुळे पार्किंगमध्येच लोळते. वाकलेला क्लच लिव्हर, फुटलेला इंडिकेटर आणि टाकीवरचा ओरखडा एवढ्यावर बहुधा भागते. पण नव्या गाडीवरचा पहिला ओरखडा जिव्हारी लागतो. मग घरात दोनपैकी एक निदान ठरलेले असते. एक तर गाडीला दृष्ट लागली, नाहीतर चालवणाऱ्याचे लक्ष नव्हते. या दोन्ही निदानांनी मनाचे समाधान होते, पण कारण शोधण्याची वाटही तिथेच बंद होते. या प्रकरणात मला सांगायचे आहे ते असे: नवी गाडी पडणे हा दुर्दैवाचा किंवा वेंधळेपणाचा प्रकार क्वचितच असतो. दुचाकी चालवण्याचे कौशल्य माणसाच्या अंगात जेवढे असते तेवढेच ते एका विशिष्ट गाडीशी बांधलेले असते. गाडी बदलली की त्यातला मोठा भाग निकामी होतो, आणि तो पुन्हा कमावावा लागतो हे आपण लक्षात घेत नाही.

या म्हणण्याला आधार देणारा सर्वांत जुना आणि गाजलेला अभ्यास अमेरिकेतला आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली, शिवाय पोलिसांकडच्या हजारो नोंदी चाळल्या. 1981 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल ‘हर्ट रिपोर्ट’ म्हणून आजही वाचला जातो. त्यातला एक निष्कर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. अपघातात सापडलेल्या चालकांना रस्त्यावर मोटारसायकल चालवण्याचा एकूण अनुभव सरासरी जवळपास 3 वर्षांचा होता, पण ज्या गाडीवर अपघात झाला त्या गाडीचा अनुभव निम्म्याहून अधिक जणांना 5 महिन्यांपेक्षाही कमी होता. म्हणजे ही माणसे शिकाऊ नव्हती. त्यांना गिअर टाकता येत होते, रहदारी कळत होती. हाताखालची गाडी मात्र त्यांना पुरती माहीत नव्हती.

यावर चिकित्सक वाचक लगेच म्हणेल की एवढ्या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कोणत्याही शहरात कोणत्याही दिवशी रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्या नव्याच असणार. मग अपघातांतही त्यांचा वाटा मोठा दिसला तर नवल काय? शंका रास्त आहे. ती दूर करायची तर अपघात झालेल्यांची तुलना त्याच रस्त्यांवरून सुखरूप जाणाऱ्यांशी करायला हवी. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड परिसरात 1990च्या दशकात नेमके हेच झाले. जखमी किंवा मृत झालेल्या चारशेहून अधिक चालकांची माहिती एका बाजूला ठेवली, आणि रस्त्यांवर थांबवून विचारलेल्या बाराशेहून अधिक चालकांची माहिती दुसऱ्या बाजूला. वयाचा आणि इतर घटकांचा परिणाम हिशेबातून वेगळा काढल्यावर एक चकित करणारी गोष्ट समोर आली: ‘मी किती वर्षे मोटारसायकल चालवतो’ या एकूण अनुभवाचे संरक्षण जवळजवळ नाहीसे झाले. अनुभवाच्या मोजमापांपैकी एकच टिकून राहिले, ते म्हणजे त्या विशिष्ट गाडीची ओळख. आपल्या गाडीवर भरपूर अंतर कापलेल्यांचा धोका नवख्या गाडीवर बसलेल्यांच्या जवळपास निम्मा होता. नव्या गाड्या रस्त्यावर जास्त असतात हे कारण इथे लागू पडत नाही, कारण तुलनेतल्या दोन्ही बाजू एकाच शहराच्या रस्त्यांवरच्या होत्या.

दुसरी शंका अशी की हे अभ्यास माणसे जखमी झालेल्या अपघातांचे आहेत. फाटकात आडव्या झालेल्या गाडीशी त्यांचा काय संबंध? फरक आहेच. उभ्या किंवा रांगत्या गाडीचे पडणे पोलिसांच्या वहीत जात नाही, दवाखान्याच्या नोंदीत येत नाही, विम्याच्या दाव्यातही बहुधा उतरत नाही, कारण लिव्हर आणि आरशाच्या खर्चासाठी नो-क्लेम बोनस कोण घालवणार? त्यामुळे अशा पडण्याचे आकडे कुठे साठत नाहीत. कारणे मात्र तपासता येतात, कारण ती यंत्रशास्त्राच्या आणि सवयीच्या नियमांतून निघतात. ती तपासली की दिसते, वेगात होणारा अपघात आणि फाटकातले पडणे यांच्या मुळाशी एकच अनोळख आहे. फाटकात तिची किंमत काही शे रुपये असते एवढेच.

पहिले कारण वेगाचे आहे, आणि ते आपल्या समजुतीच्या उलट आहे. हळू चालवले की गाडी सुरक्षित, असे आपण धरून चालतो. रहदारीतल्या धडकेपुरते ते खरेही आहे. तोल सांभाळण्यापुरते मात्र दुचाकीला वेगाचीच मदत होते. दुचाकी कलू लागली की तिचे पुढचे चाक आपोआप कलणाऱ्या बाजूला वळते. चाक वळले की गाडीचा मार्ग वाकतो, आणि त्या वाकण्यातून तिला पुन्हा सरळ उभी करणारा जोर मिळतो. फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या परिणामामुळे दुचाकी उभी राहते असे अनेक वर्षे सांगितले जाई. 2011 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी अशी एक सायकल बनवून दाखवली की जिच्यात तो परिणाम निष्प्रभ केला होता, तरीही ढकलून दिल्यावर ती स्वतःचा तोल सांभाळत पुढे गेली. कलत्या बाजूला चाक वळणे ही तोलाची खरी किल्ली आहे. या वळण्यातून मिळणारा आधार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्याच प्रमाणात घटतो. वेग निम्मा झाला की आधार एक चतुर्थांश होतो. माणसाच्या चालण्याच्या वेगाला तो जवळपास उरतच नाही, आणि सगळा तोल चालकाच्या हाता-पायांवर येऊन पडतो. शोरूमचा उतार, सोसायटीचे फाटक, पेट्रोल पंपाची रांग, अरुंद रस्त्यावरचा यू-टर्न या सगळ्या जागी गाडी याच वेगाला असते.

यू-टर्नचा हिशेब जरा जवळून पाहू, कारण नव्या गाडीची परीक्षा बहुधा तिथेच होते. ताशी 10 किलोमीटर वेगाने सुमारे 3 मीटर त्रिज्येचे वळण घ्यायचे तर गाडी साधारण 15 अंश कललेली असावी लागते. तेवढ्या कलाला त्या वेगाचा आधार बरोबर पुरतो. अशात समोरून रिक्षा आली आणि चालकाने दचकून पुढचा ब्रेक दाबला, तर वेग क्षणात 5 किलोमीटरवर येतो. या वेगाला जेमतेम 4 अंशांचा कल पेलतो, पण गाडी अजून 15 अंशांवरच आहे. मधल्या 11 अंशांना काहीच आधार नाही. चालक पाय टेकवतो, पण आता त्याला मोठे ओझे तोलायचे असते. रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 सुमारे 195 किलोची आहे. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि हँडल एक मीटर उंचीवर धरले, तर ती 5 अंश कललेली असताना हँडलपाशी 8-9 किलोचा जोर लावून सावरता येते. 15 अंशांना हा जोर 25 किलोवर जातो, 30 अंशांना जवळजवळ 50 किलोवर. सुमारे 112 किलोच्या स्प्लेंडर प्लसला याच हिशेबाने 15 अंशांना साधारण 15 किलो पुरतात. स्प्लेंडरवर दहा वर्षे घालवलेल्या माणसाच्या पायाला, दंडाला आणि कमरेला या 15 किलोंची सवय जडलेली असते. नव्या जड गाडीवर तो तेवढाच जोर, तेवढ्याच उशिरा लावतो. गाडी आडवी व्हायला एवढे पुरे होते.

दुसरे कारण सवयीचे आहे, आणि त्यात अनुभव उलटा मारक ठरतो. गाडी चालवताना आपण विचार करून ब्रेक दाबत नाही. हात स्वतःहून जातो. हा हात तयार व्हायला वर्षे लागतात, आणि तो तयार होतो एका विशिष्ट मांडणीवर. गिअर नसलेल्या स्कूटरवर डाव्या हाताचा लिव्हर ब्रेकचा असतो. मोटारसायकलवर त्याच जागी क्लच असतो. स्कूटर सोडून मोटारसायकलवर आलेला माणूस शांत रस्त्यावर हा फरक सहज पाळतो. पण गाडीपुढे अचानक कुत्रे आले की त्याचे दोन्ही हात जुन्या आठवणीने एकदम आवळले जातात. डाव्या हाताने क्लच दाबला जातो, म्हणजे इंजिनचा आवर सुटतो. उजव्या हाताने पुढचा ब्रेक पूर्ण जोराने लागतो. आणि मागच्या ब्रेकसाठी जो उजवा पाय हलायला हवा तो स्कूटरच्या फूटबोर्डावर असल्यासारखा जागच्या जागी राहतो. गिअरचेही तेच. शंभर सीसीच्या काही गाड्यांमध्ये सगळे गिअर पंज्याने पुढे दाबून पडतात, तर मोठ्या गाड्यांमध्ये बहुधा पहिला खाली आणि बाकीचे वर उचलून. एका मांडणीत जी हालचाल गिअर वाढवते तीच दुसऱ्या मांडणीत गिअर कमी करते. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. ती चालवून तयार झालेल्या माणसाला डाव्या गिअरच्या गाडीवर मन मारून नवे पाय घडवावे लागत. क्लच कितपत सोडल्यावर गाडी उचल घेते तो बिंदू तर प्रत्येक गाडीचा निराळा. तो चुकला की गाडी एक झटका देऊन बंद पडते, आणि वळलेल्या हँडलनिशी बंद पडलेली गाडी वळणाच्या आतल्या बाजूला कोसळते. दुसऱ्याच्या घरच्या शेगडीवर पहिली भाकरी सुगरणीचीही करपते, कारण तिच्या हाताला आपल्या घरची आच पाठ असते. नवशिक्याला निदान आपल्याला येत नाही याची जाणीव असते. जाणकाराचा हात विचारायच्या आधीच पुढे झालेला असतो.

तिसरे कारण गाडीच्या कोरेपणाचे. कारखान्यातून आलेल्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. रस्त्यावर घासून तो जरा खरबरीत होईपर्यंत, म्हणजे साधारण पहिले शे-दीडशे किलोमीटर, त्याची पकड पूर्ण मिळत नाही. ओल्या रस्त्यावर किंवा गाडी वळणात कललेली असताना ते जास्त जाणवते. ब्रेकचे नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसायलाही काही अंतर जावे लागते. तोवर त्याच जोराने लिव्हर दाबला तरी गाडी थोडी उशिरा थांबते. म्हणूनच गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत सुरुवातीच्या काही शे किलोमीटरसाठी एकदम रेस करू नका, गरज नसताना करकचून ब्रेक मारू नका असे लिहिलेले असते. आपल्याकडे या ‘रनिंग-इन’चा अर्थ फक्त इंजिनपुरता लावला जातो. ‘पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत पन्नासच्या वर न्यायची नाही’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असते. टायर आणि ब्रेकचे रनिंग-इन कुणी सांगत नाही, आणि चालवणाऱ्याच्या हातापायांचे रनिंग-इन तर कुठल्याच पुस्तिकेत सापडत नाही. पुढच्या चाकावर लोंबणारा हार, मागे पेढ्यांचा डबा घेऊन बसलेले माणूस आणि मुहूर्ताच्या दिवशीची तुडुंब रहदारी ही त्यात पडलेली भर. अनोळख सर्वांत जास्त असते त्याच तासाला आपण गाडीवर सर्वांत जास्त भार आणि सर्वांत जास्त गर्दी लादतो.

आता काही जण म्हणतील की या साऱ्यावर तंत्रज्ञानाने उत्तर दिले आहे. भारतात एप्रिल 2019पासून 125 सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान कॉम्बी ब्रेक सक्तीचे आहे. स्टँड खाली असताना इंजिन चालू राहू न देणारी व्यवस्थाही आता कितीतरी गाड्यांत असते. या सोयींचे मोल मोठे आहे. एबीएसमुळे वेगात असताना चाक जखडून गाडी घसरण्याचे प्रसंग टळतात, जीव वाचतात. पण एबीएस चाकाला जखडू देत नाही, कललेल्या गाडीला धरून ठेवत नाही; आणि अगदी चालण्याच्या वेगाला तर ते कामच करत नाही. यू-टर्नमध्ये दाबलेल्या ब्रेकवर त्याच्याकडे उपाय नाही. लेग गार्डचेही असेच. ते बसवावे, कारण त्याने टाकी आणि इंजिन वाचते, पाय गाडीखाली सापडायचा टळू शकतो. त्याने पडल्यावरचे नुकसान कमी होते, पडणे काही कमी होत नाही.

दुसरा लोकप्रिय युक्तिवाद ताकदीचा. जड गाडी अंगापिंडाने मजबूत माणसाला झेपते, इतरांनी तिच्या वाटेला जाऊ नये, असे सर्रास म्हटले जाते. बायकांना तर हे हमखास ऐकवले जाते. वरच्या हिशेबात याचे उत्तर आहे. 5 अंशांच्या कलाला जड गाडीही 8-9 किलोच्या जोरावर सावरते, आणि तेवढा जोर कुणाही प्रौढ माणसात असतो. 30 अंशांना 50 किलो लागतात, आणि एक पाय टेकून, कमरेतून वाकून, क्षणार्धात एवढा जोर पहिलवानालाही लावता येत नाही. ताकदीचा उपयोग होतो तो या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात. खरा फरक पडतो कल किती लवकर ओळखला यावर, आणि ती ओळख सरावाने येते. उंचीचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. नव्या हिमालयन 450ची सीट जमिनीपासून 825 मिलिमीटरवर आहे, स्प्लेंडरची 785वर. चार सेंटिमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण ज्याचे दोन्ही तळपाय पूर्वी सपाट टेकत त्याचे आता फक्त चवडे टेकतात, आणि रस्त्याच्या कडेला उतार असेल तर तेही नाही. म्हणून गाडी घेताना शोरूमच्या सपाट फरशीवर बसून पाहणे पुरेसे नाही. बाहेरच्या उतारावर, बूट घालून, गाडी दोन्ही बाजूंना थोडी कलवून पाहावी.

चौथी गोष्ट मनाची आहे, आणि बाकीच्या कारणांना तीच जास्त धारदार करते. नव्या गाडीवर जीव जडलेला असतो. कर्जाचे हप्ते नुकतेच सुरू झालेले असतात, शेजारीपाजारी पाहत असतात. ओरखड्याच्या भीतीने खांदे ताठ होतात, हँडलवरची मूठ आवळली जाते, आणि ताठ हातांत पुढचे चाक मोकळेपणाने वळत नाही; म्हणजे तोल सावरण्याची गाडीची स्वतःची युक्तीच आपण बंद पाडतो. नजर लांबच्या मोकळ्या वाटेकडे असण्याऐवजी जवळच्या खांबावर, फाटकाच्या कडेवर खिळते, आणि दुचाकी सहसा नजर असते तिकडेच जाते. भीतीचा सर्वांत महाग परिणाम शेवटच्या क्षणी दिसतो. गाडी हाताबाहेर कललेली असते, तरीही माणूस तिला सोडत नाही. दोनशे किलोच्या यंत्राला ओढून धरताना पाठ भरते, मनगट मुरगळते, पाय तापलेल्या सायलेन्सरखाली सापडून भाजतो. लिव्हर बाजारात मिळतो, गुडघा मिळत नाही. ठरावीक कलापलीकडे गाडी सोडून बाजूला होणे हाच योग्य निर्णय आहे, आणि तो त्या क्षणी सुचत नसल्याने आधीच मनाशी पक्का करून ठेवायला हवा.

कारणे ही असतील तर ‘जपून चालव’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला का कमी पडतो ते कळते. जपणे म्हणजे हळू चालवणे आणि भिणे असे आपण समजतो, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टींनी नवी गाडी पडते. त्याऐवजी ओळख मुद्दाम करून घ्यावी लागते. रिकाम्या मैदानात किंवा सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर, एकट्याने, हेल्मेट आणि बूट घालून, क्लच अर्धा सोडून गाडी नुसती रांगवत न्यावी. ती कुठे उचल घेते आणि कुठे सैल पडते ते बोटांना कळेपर्यंत हे करावे. मंद वळणात वेग आवरायचा तर पुढच्या ब्रेकऐवजी मागचा ब्रेक हलका धरून थ्रॉटल किंचित चालू ठेवावा. गाडी ताणात राहते आणि तोल टिकतो. वळताना मान आधी वळवावी, गाडी मागोमाग येते. सरळ रेषेत, हँडल सरळ ठेवून, कमी वेगापासून सुरुवात करून दोन्ही ब्रेक एकत्र लावून पाहावेत, म्हणजे संकटात हातापायांना काय करायचे ते ठाऊक असेल. गाडी लावताना हँडल डावीकडे वळवून, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून मगच साइड स्टँडवर सोडावी, कारण उतारावर न्यूट्रलमध्ये ठेवलेली गाडी पुढे सरकते आणि स्टँड मिटतो. पावसाळ्यात मऊ मातीवर स्टँडखाली दगड किंवा फरशीचा तुकडा द्यावा. पडलेली गाडी उचलण्याची रीतही आधीच शिकून ठेवण्यासारखी आहे. आधी इंजिन बंद करायचे, पेट्रोल गळत नाही ना पाहायचे, गाडी उजवीकडे पडली असेल तर स्टँड आधी बाहेर काढायचा, मग सीटला पाठ लावून खाली बसायचे, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची पट्टी धरून पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उठायचे. कमरेतून वाकून दंडाच्या जोराने ओढणे हा पाठ कायमची बिघडवून घेण्याचा मार्ग आहे.

एवढ्या खटाटोपाची गरजच काय, असे विचारणाऱ्यांचे म्हणणेही ऐकायला हवे. गाडी एकदा पडते, माणूस शहाणा होतो, चार पैसे जातात आणि विषय संपतो. तोल जाऊन पडण्यापुरते हे बरेचसे खरे आहे. पण फाटकात चुकलेला हात हाच महामार्गावरचाही हात असतो. स्कूटरच्या सवयीने आवळलेले दोन्ही लिव्हर सोसायटीत ओरखडा देतात, ट्रकमागे ते जीव घेऊ शकतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतली सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरची होती. हे सारे मृत्यू नव्या गाड्यांवरचे नाहीत, आणि त्यांची कारणे अनेक आहेत. तरीही 2023-24 या एका आर्थिक वर्षात देशात सुमारे 1 कोटी 80 लाख नव्या दुचाकी विकल्या गेल्या, आणि त्यांतल्या प्रत्येकीबरोबर अनोळखीचा एक काळ रस्त्यावर आला, हे विसरता येत नाही. ऑकलंडच्या अभ्यासाने त्या काळाची जोखीम दाखवून दिली आहे. पडून शिकणे हेही शिकणेच. फक्त त्या वर्गाची जागा, वेळ आणि फी आपण ठरवू शकत नाही.

आपली परवाना पद्धत या प्रश्नाकडे पाहतच नाही. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना आपल्याकडे एकच आहे. आरटीओच्या मैदानात शंभर सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढून दाखवणारा तरुण दुसऱ्या दिवशी 650 सीसीची गाडी कायदेशीरपणे चालवू शकतो. युरोपीय संघात 2013पासून परवान्याच्या तीन पायऱ्या आहेत: आधी 125 सीसीपर्यंत, मग 35 किलोवॉट शक्तीपर्यंत, आणि त्यानंतर कितीही. जपानमध्ये 400 सीसीच्या वरच्या गाडीसाठी वेगळी परीक्षा आहे, आणि तिचा मोठा भाग मंद वेगाचा आहे. 15 मीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद पट्टीवरून गाडी न पाडता न्यायची असते, आणि मोठ्या गाडीच्या परीक्षेत त्यासाठी निदान 10 सेकंद घ्यावे लागतात. कमी वेळात पार केली तर गुण जातात, गाडी पडली तर परीक्षा तिथेच संपते. तिथल्या प्रशिक्षण शाळांत आडवी झालेली गाडी उचलायलाही शिकवतात. ज्या देशांनी मोटारसायकली जगाला पुरवल्या त्यांतल्या एकाला हळू चालवणे हे शिकवण्यासारखे आणि तपासण्यासारखे कौशल्य वाटते, याकडे आपण गांभीर्याने पाहावे.

कायदा बदलायला वेळ लागेल, आणि प्रत्येक नव्या गाडीसाठी वेगळी परीक्षा आपल्या गर्दीच्या आरटीओला झेपणारही नाही. पण एक गोष्ट कायद्याविना आजच होऊ शकते. गाडी ताब्यात देताना शोरूममध्ये चावीसोबत फोटो काढला जातो, कागदपत्रांवर सह्या होतात, बटणांची माहिती दिली जाते. त्यात आणखी अर्धा तास घालून, मागच्या आवारात क्लचचा बिंदू, मंद वळण, दोन्ही ब्रेक आणि स्टँड एवढे चार धडे करून घेता येतील. त्याला खर्च एका शिकवणाऱ्या माणसाचा आणि थोड्या मोकळ्या जागेचा. ग्राहक ॲक्सेसरीजवर सूट मागतो, मोफत सीट कव्हर मागतो. त्याने हा अर्धा तास हक्काने मागितला, तर विक्रेते तो देऊ लागतील. तोवर हे काम प्रत्येकाने स्वतःच करायचे आहे. दहा वर्षे गाडी चालवणाऱ्यानेही नव्या गाडीचा पहिला आठवडा शिकण्यासाठी राखून ठेवावा, मागे कुणाला बसवू नये, गर्दीची वेळ टाळावी आणि रोज थोडा वेळ निव्वळ हळू चालवण्याचा सराव करावा. यात अनुभवाचा कसलाच अपमान नाही. जुना अनुभव नव्या गाडीवर उपयोगी पडायला लागतो तो या आठवड्यातूनच.